गॅस पाइपचा सरसकट दर आणि जिन्याखालची जाळी: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
आर्वी, जि. वर्धा

विषय: गॅस पाइपसाठी सर्व सदनिकांना सरसकट ₹९,८०० आकारण्यास आणि ब विंगच्या जिन्याखाली लावलेल्या सिलेंडरच्या जाळीस हरकत.

संदर्भ: याच विषयावर पोळ्याच्या आधी दिलेलं पत्र. त्याची पोच सचिवांनी "टेबलावर ठेवून जा" एवढीच दिली होती.

महोदय,

स.न.वि.वि. सिलेंडर खाली ठेवून तांब्याच्या नळीनं गॅस वर न्यायचा, या कल्पनेला माझा विरोध नाही. आपल्याकडे लिफ्ट नाही. सिलेंडरवाला पोरगा दुसऱ्या मजल्यापर्यंत कुरकुरत येतो आणि तिसऱ्या मजल्यावाल्यांना गेटवरूनच हाक मारतो. सोय व्हायलाच पाहिजे. हरकत आहे ती सोयीच्या नावाखाली आलेल्या दरपत्रकाला, आणि ते ज्या रीतीनं पास झालं त्याला.

दरपत्रकावर तीनच ओळी आहेत: "तांबा पाइप व फिटिंग, जाळी, मजुरी. एकरकमी ₹९,८०० प्रति सदनिका, जीएसटी वेगळा." नळी किती इंची, किती गेजची (गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा वाढला की नळी पातळ), किती फूट, वॉल (गॅस बंद-चालू करायची चावी) किती, कोणते, यातलं काहीच लिहिलेलं नाही. असं दरपत्रक कार्यकारिणीनं एका बैठकीत मंजूर केलं. ते देणारा ठेकेदार कोषाध्यक्षांचा साडभाऊ आहे. त्यावर मी काही म्हणत नाही, गावात कोण कोणाचा नातलग नसतो! पण दुसरं दरपत्रक मागवलंच नाही, हे कार्यवृत्तात स्पष्ट दिसतं.

या कामाचा खर्च कशावर ठरतो ते समितीनं एकदा समजून घ्यावं. सगळ्यात मोठा भाग तांब्याचा, आणि तांबं वजनावर जातं. बाहेरून अर्धा इंच व्यासाची, २० गेजची नळी मीटरला साधारण ३०० ग्रॅम भरते, म्हणजे फुटाला ९२ ग्रॅम. तीच अर्धा इंची २२ गेजची घेतली तर फुटाला ७३ ग्रॅम. तीन सुताची (म्हणजे ३/८ इंची), २२ गेजची घेतली तर जेमतेम ५४. बाहेरून रंग दिला की पहिल्या दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून हिशोबापुरता किलोला हजार रुपये हा गोल आकडा धरू. तळमजल्याला नळी लागते १५ फूट, म्हणजे तांबं झालं सुमारे १,४०० रुपयांचं. तिसऱ्या मजल्याला ४५ फूट, म्हणजे ४,१५० च्या आसपास. दोघांनाही बिल ९,८०० चंच.

माझी सदनिका तळमजल्यावर आहे म्हणून मी बोलतो, असं कोषाध्यक्ष गेटवर उभे राहून चार जणांना सांगतात. ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतात, हे मी कुणालाही सांगत फिरलेलो नाही.

दोन्ही विंग मिळून १६ सदनिका, नळी ४८० फूट. २० गेजची अर्धा इंची नळी टाकली तर ४४ किलो तांबं लागतं. तीन सुताची २२ गेजची टाकली तर २६ किलोत भागतं. मधले १८ किलो म्हणजे १८,००० रुपये कुठे गेले, हे "एकरकमी" या शब्दात कधीच कळणार नाही. म्हणून दर फुटावर मागायचा, गेज लिहून घ्यायचा आणि माल आला की बंडल काट्यावर ठेवून वजन बघायचं. आपल्या मोंढ्यात कापूस नि तूर कोणी नजरेनं मोजून घेत नाही.

फुटांनंतर खर्च वाढतो तो जोडांनी. मऊ नळीचं बंडल साधारण ५० फुटांचं येतं. ४५ फुटांच्या लाइनला मध्ये एकही जोड लागायला नको. भिंतीवर ती थोडी लाटेसारखी दिसते, म्हणून दर दोन फुटांवर क्लॅम्प मारावा लागतो, पण गळायला जागा राहत नाही. सरळ कडक तुकड्यांची लाइन दिसायला देखणी, पण दर दहा फुटांवर जोड आला, आणि प्रत्येक जोड म्हणजे चांदीमिश्रित काडीनं केलेलं ब्रेझिंग (मोठ्या आचेवरचं पक्कं डागकाम), गॅस, वेळ आणि कारागीर. साध्या कथलाच्या डागणीवर गॅसची लाइन सोडायची नसते. क्लॅम्पही लोखंडी नकोत. पावसाळ्यात तांबं आणि लोखंड ओलं एकमेकांना लागलं की गंज धरतो. तांब्याचे किंवा आत प्लास्टिकची पट्टी असलेले घ्यावेत. भिंतीतून नळी जाते तिथे प्लास्टिकची बाही पाहिजे. नळी थेट सिमेंटमध्ये चिणायची नाही, आणि भिंतीच्या आत जोड तर अजिबात ठेवायचा नाही. पेचाच्या जोडांना गॅसचा टेप लागतो. पाण्याच्या नळाला लावतात तो धागा-सफेदा इथे चालत नाही, कारण तो वाळून चिरतो आणि गॅस बारीक-बारीक सुटत राहतो. प्रत्येक घराला दोन पितळी वॉल हवेत, एक खाली सिलेंडरपाशी, एक वर ओट्याजवळ हात पोचेल असा. ओट्याजवळच्या वॉलपासून शेगडीपर्यंत नारंगी सुरक्षा नळी, आयएस ९५७३ चा शिक्का पाहून, दीड मीटरपेक्षा लांब नाही, पाच वर्षांनी बदलायची. या सगळ्याला पैसे लागतात, ते लागू द्या. पण कशाचे किती, ते तरी कळू द्या.

आता नमुन्याचं काम. सगळ्यांनी पाहावं म्हणून ते आधी कोषाध्यक्षांच्याच घरी झालं. आम्ही पाहिलं. नळी तीन सुताची आहे. नुसती शेगडी असती तर ४५ फुटांवरही तीन सुताची पुरली असती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यांच्याकडे गॅस गिझर आहे, आणि सहा लिटरचा गिझर चार-पाच मोठ्या बर्नरइतका गॅस ओढतो. एवढा गॅस बारीक नळीतून जाताना दाब वाटेतच खर्ची पडतो, म्हणून गिझर लावला की शेगडीची ज्योत बसते. ठेकेदारानं कारण सांगितलं, "उंचीमुळं होतं." उंचीमुळं होत नाही. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस ३० मिलिबार दाबानं निघतो. गॅस हवेपेक्षा जड असल्यानं दहा मीटर चढायला त्यातला साधारण एक मिलिबार जातो. बाकी सगळी करामत बारीक नळीची.

त्यावर उपाय म्हणून काय केलं, तर खाली हॉटेलच्या भट्टीला लावतात तो कमी-जास्त होणारा रेग्युलेटर बसवला. अध्यक्षसाहेब, हे वाक्य कृपया दोनदा वाचा. घरची शेगडी, तिचे कॉक आणि रबरी नळी ३० मिलिबारसाठी बनलेली असतात. भट्टीचा रेग्युलेटर त्याच्या कितीतरी पट दाब सोडू शकतो. कोणाच्या हातून चकती फिरली तर ज्योत शेगडी सोडून उडेल, किंवा रबरी नळी टोकाशी निसटेल. योग्य उपाय एकच: ती लाइन काढून अर्धा इंची टाकणं. ज्यांच्याकडे गिझर आहे त्यांनी तेवढे जास्त पैसे द्यावेत, बाकीच्यांनी का द्यावेत?

गळतीची तपासणी ठेकेदाराच्या माणसानं माचिसची काडी फिरवून केली. ब विंगच्या दोन्ही काकूंनी ते पाहिलं. त्यांचा माझ्या म्हणण्याला पूर्ण पाठिंबा आहे. सही मात्र केली नाही, कारण त्यांना कटकट नको आहे. चाचणीची रीत अशी: दोन्ही टोकं बंद करून लाइनीत हवा भरायची, दाबाचा काटा लावायचा, अर्धा तास काटा जागचा हलायला नको. मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. हवेऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. चाचणी सकाळीच घ्यावी, कारण आपल्याकडच्या भर उन्हात नळी तापते, आतली हवा फुगते, काटा आपोआप वर सरकतो आणि बारीक गळती झाकली जाते. काट्याचा आकडा व वेळ लिहून ठेकेदाराची सही घ्यावी. या अर्ध्या तासाला जास्तीची मजुरी लागत नाही. लागत असेल तर तळमजल्यावरची मी देतो.

जाळीबद्दल. ती ब विंगच्या जिन्याखाली लावली आहे. त्याच भिंतीवर महावितरणच्या मीटरचा बोर्ड आहे, चार हातांवर नालीचं झाकण आहे, आणि समोर कोषाध्यक्षांची तुरीची पोती आहेत. एलपीजी गळला तर तो वर उडून जात नाही. जमिनीसरशी पसरतो, खोलगट जागेत साचतो आणि नालीत उतरतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते, आणि ठिणगी द्यायला मीटरबोर्ड शेजारीच आहे. जिना ही सगळ्यांची बाहेर पडायची एकमेव वाट. जाळी मागच्या भिंतीला, उघड्यावर, जमिनीच्या वर ओटा करून, वरून पत्रा टाकून लावायला हवी. तीही उत्तरेच्या बाजूला. पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात रबर उन्हानं चिरतं.

आणि वजनाचा मुद्दा. गॅस सिलेंडर नियम, २०१६ प्रमाणे १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला परवाना लागत नाही. १४.२ किलोचे सात सिलेंडर म्हणजे ९९.४ किलो. आपल्या एका जाळीत आठ सदनिकांचे आठ, म्हणजे ११३.६ किलो, भरलेले जोड सिलेंडर तर धरलेलेच नाहीत. प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं आहे, असं ठेकेदार म्हणतो. असेल. मग त्यानं तसं लेखी आणावं. विचारायला दिल्लीला जायचं नाही. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. आणि ते होईपर्यंत एका विंगच्या दोन जाळ्या, दोन बाजूंना, अंतर ठेवून कराव्यात. जाळीचा खर्च थोडा वाढेल, तो मला मान्य आहे. यावरून तरी मी फक्त स्वतःचे पैसे वाचवायला निघालो नाही, हे लक्षात यावं.

जीएसटीचं थोडक्यात. १६ सदनिकांचे ₹१,५६,८००, त्यावर १८ टक्के म्हणजे ₹२८,२२४. दरपत्रकावर नोंदणी क्रमांकच नाही. क्रमांक नसेल तर जीएसटी घेता येत नाही, आणि असेल तर तो छापायला काय हरकत आहे?

हे पत्र गॅसचं आहे म्हणून मी बोअरच्या मोटरचा विषय काढत नाही, की गच्चीवरची टाकी रोज सकाळी कोणामुळं वाहते तो. तुरीच्या पोत्यांबद्दल मागच्या वर्षी "मोंढ्यात भाव आला की उचलतो" असं उत्तर मिळालं होतं. भाव आला आणि गेला, पोती तिथंच आहेत. गणपतीच्या वर्गणीची पावती अजून मिळालेली नाही. असो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे संस्थेत शेवटचा शब्द सर्वसाधारण सभेचा असतो, कार्यकारिणीचा नाही. म्हणून माझी विनंती अशी की सर्वसाधारण सभा होईपर्यंत काम थांबवावं. दरपत्रक फूट, गेज, वॉल, क्लॅम्प, जाळी आणि मजुरी वेगवेगळं लिहून पुन्हा मागवावं, आणि त्यातलं निदान एक वर्धा किंवा अमरावतीच्या अशा माणसाकडून, ज्याचं समितीत कोणी नाही. प्रत्येकाला त्याच्या फुटांप्रमाणे बिल यावं. भट्टीचा रेग्युलेटर मात्र सभेची वाट न पाहता आजच काढावा, आणि घरगुती रेग्युलेटर गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच बसवून घ्यावा. जिन्याखालची जाळी आणि पोती सोबतच हलवावीत. मी दिलेले ₹२,००० आगाऊ माझ्या देखभाल खर्चात वळते करावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हेच पत्र सहायक निबंधक, सहकारी संस्था आणि गॅस एजन्सी यांना पाठवण्यात येईल. प्रती तयार आहेत.

आपला,
सभासद, सदनिका ब-२, तळमजला

ता.क. तोवर जाळीवर १९०६ हा गॅस गळतीचा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून लावावा, आणि जिन्याखाली रात्री बिडी ओढत बसणाऱ्यांना समज द्यावी. त्यात चौकीदार एकटाच नसतो, हे आपल्याला माहीत आहे.