अंगणवाडीच्या ताई, तुम्ही थांबलात म्हणून

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

समोर आलात की माझा गळा दाटतो, म्हणून लिहून काढतेय. आणि हे चारचौघांनी वाचावं असंही वाटतंय, कारण तुमच्यासारख्यांची आठवण आपल्याकडं पोलिओच्या डोसापुरतीच निघते.

माझं बाळ दिवस भरायच्या आधी झालं, आणि आठ महिन्यांचं झालं तरी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. तुमच्या आधी जे भेटले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. एका दवाखान्यात डॉक्टर कागदाकडं बघत म्हणाले, "आठ महिने झाले तरी नजर देत नाही? मग अवघड आहे." आणि पुढच्याला आत बोलावलं. बाळ माझ्या मांडीवर होतं, त्याच्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. एका हळदीकुंकवात एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काचेच्या पेटीत ठेवलेली पोरं अशीच असत्यात." कुणी दृष्ट काढायला सांगितलं, कुणी मोबाइलवर गाणी लावून द्यायला. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, पण सल्ला देणाऱ्याला त्याचं काय!

तुम्ही आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "कितव्या आठवड्यात झालं?" ३२व्या, म्हटल्यावर बोटांवर हिशोब केलात. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे, म्हणजे बाळ दोन महिने आधी आलं. "मग ह्याचं वय सहा महिन्यांचं धरायचं, आठ नव्हं. दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजायचं." ताई, तेवढ्या एका वाक्यानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो, पण ही साधी वजाबाकी कुणी करून दाखवली नव्हती. कान आणि डोळे तपासून घ्या, ते टाळू नका, हेही तुम्हीच बजावलंत.

मग तुम्ही पदर तोंडावर घेतलात. "बुवाऽऽ..." आणि हळूच बाजूला करून, "कूक्!" आवाज असा, की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. आमच्याकडं सगळे "भॉक" करून मोठ्यानं ओरडायचे आणि बाळ दचकून रडायचं. तुमच्याकडं त्यानं पाहिलं. दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्या वेळी मान फिरवून भिंतीकडं बघायला लागलं.

माझ्या मनात घर करून बसलंय ते त्यानंतरचं. त्यानं मान फिरवली की आम्ही सगळे काय करायचो? चुटक्या वाजवायच्या, खुळखुळा नाचवायचा, हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवायचं. सासूबाईंचा हात पुढं गेलाच होता. तुम्ही मानेनंच 'नको' म्हणालात, दोन्ही हात मांडीवर ठेवलेत आणि गप्प बसलात. "दमलंय ते. जरा वेळ मागतंय. देऊया की." तुमच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, काळजी नव्हती, 'अरेरे' तर मुळीच नव्हतं. बाळ भिंतीकडं बघत होतं आणि तुम्ही बाळाकडं. मग त्याचं त्यानंच तोंड वळवलं. तुम्ही पदर पुन्हा वर घेतलात, आणि ह्या वेळी तो बाजूला व्हायच्या आधीच त्याचे पाय थांबले, तोंड उघडं राहिलं. ते वाट बघत होतं! आणि "कूक्" झाल्यावर हसलं. माझं बाळ माणसाच्या तोंडाकडं बघून हसलं, ताई.

नंतर मी ह्यावर मिळेल ते वाचलं. जेरोम ब्रूनर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली ह्या खेळाचा अभ्यास मांडलाय. आधी तुझी पाळी, मग माझी. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं. हे सगळं बाळ त्यातून शिकतं, आणि हळूहळू लपणारं स्वतःच होतं. बोलण्याची रीतही तीच, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं. हे तुम्ही आमच्या खोलीत, सतरंजीवर बसून, एकही जड शब्द न वापरता करून दाखवलंत.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा "ह्यांना काम काय असतंय, खिचडी तर वाटायची" म्हणणारे आमच्या गल्लीतही होते. त्यांनी हे वाचावं. कोल्हापुरात माणुसकीच्या गप्पा पुष्कळ होतात, तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीत तर जास्तच. पण दुसऱ्याच्या लेकरासाठी भर दुपारी जिना चढून यायचं, आणि ते लेकरू मान फिरवतं तेव्हा त्याचा मान राखायचा, ही माणुसकी मी तुमच्याकडं पाहिली. शिकलेल्या, नावाजलेल्या माणसांकडं ती मिळाली नाही, हे लिहिताना मला अजूनही राग येतो.

आता त्याचे आजोबा रोज संध्याकाळी टॉवेल घेऊन बसतात. टॉवेल ओढायचं काम बाळाचं. आजोबांनी स्वतःच काढला तर ते ओरडतं, तो परत घालायला लावतं. सासूबाई आता कुणालाही त्याच्या हनुवटीला हात लावू देत नाहीत.

गंगावेशीत माझ्या चुलत जावेचं बाळही दिवस भरायच्या आधी झालंय. तिच्या भागातल्या सेविकेला भेट, असं मी तिला सांगितलंय, पण तिला तुमच्याशीच बोलायचंय. तुमचा नंबर देऊ का, तेवढं कळवा. आणि रविवारी जेवायलाच या.

तुमची,
वरच्या मजल्यावरच्या बाळाची आई
कोल्हापूर