रस्सा बंद नको, चरबी काढा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रिपोर्टचा फोटो मिळाला. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १६८. त्यावर तुम्ही काढलेला तोडगाही आईने सांगितला: अंडी बंद, शेंगदाणे बंद, आणि चहाबरोबर खारी मात्र चालू! अहो, शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं. म्हणजे तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं असतं त्यालाही भुलायचं कारण नाही. एलडीएल वाढवते ती मुख्यतः तूप, साय, मटणाची चरबी, पामतेल, डालडा यांतली संतृप्त चरबी. खारीला एवढे पापुद्रे सुटतात ते कशाने? अशाच घट्ट चरबीने. २०२२ पासून तेलातुपात ट्रान्स फॅट, म्हणजे डालड्यातली ती आणखी वाईट चरबी, २ टक्क्यांवर चालत नाही हे खरं, पण म्हणून खारी काही पथ्याची झाली नाही.

आई, तू तांबडा-पांढरा कायमचा बंद करायला निघालीस म्हणे. कोल्हापुरात राहून? त्यापेक्षा मटण आदल्या रात्री शिजव आणि अळणी, म्हणजे ते मटण शिजलेलं पाणी, गाळून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी वर पांढरा थर गोठलेला दिसेल. तो चमच्याने अलगद उचलून टाक, मग खालच्या अळणीचा तांबडा कर. हाडांची चव त्यातच उतरलेली असते. वाटीवर लाल तवंग दिसला नाही की बाबा नाक मुरडतील, मुरडू देत. पांढरा मात्र अर्धी वाटीच, नारळाच्या दुधातही तीच संतृप्त चरबी. त्यातून नारळाचं दूध काढलं तर उरेल काय?

तेल दोघांत मिळून महिन्याला एक लिटर पुरव. दिवसाला माणशी साधारण तीन छोटे चमचे होतं. बरणीतून धार सोडायची सवय मोड, चमच्याने घाल. कांदा तळाला लागायला लागला तर पाण्याचा हबका मार, पुन्हा तेल नको. आणि बाबांना मूठभर भाजलेले शेंगदाणे खाऊ देत गं, फरसाणापेक्षा शंभर पटीने बरे.

बाबा, कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी चुकवू नका. पुढचा रिपोर्ट उतरला की ‘आता कशाला’ म्हणाल, मी ओळखते तुम्हाला. तो गोळीमुळेही उतरलेला असेल. बंद करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

दिवाळीला येतेय. चकल्या मी आल्यावरच तळू, आणि डबा माझ्याबरोबर पुण्याला येईल.

तुमची,
मनू