पाडण्याआधी एक फोटो तरी छापा

महोदय,

शहापूरच्या खडेबाजारात आमच्या घरासमोरचे कौलारू दुमजली दुकान पाडायला घेतले आहे. आजोबांच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होते. तेव्हा इथे सुताची पेढी होती. खाली गादी, माडीवर गठ्ठे, आणि मागावरचे लोक उधारीसाठी ओट्यावर बसलेले. हातमाग घटले, पेढी उठली. मग भाड्याच्या सायकलवाला आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचे दुकान काढले ते बेळगावातच, हे तो पंप मारता मारता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, जणू स्वतः भागीदार होता! नंतर शिंपी, कॅसेटवाला, एसटीडी बूथ, मोबाइल रिचार्ज. कोणीच फार टिकले नाही.

परवा वरचा फ्लेक्स निघाला तशी खाली रंगवलेली जुनी मराठी पाटी दिसली, 'सूत व रेशीम'. कामगार ती फोडणारच होते. मी चहा पाजून दोन दिवस थांबवले आहे. मालकांनी नवे बांधावे, तो त्यांचा हक्क. पण तोवर आपल्या छायाचित्रकाराला पाठवा. आणि कोणा वाचकाकडे या ओळीतल्या दुकानांच्या जुन्या भाडेपावत्या असतील तर त्याही छापा. माझ्याकडे सायकलवाल्याच्या तीन आहेत.

— एक ज्येष्ठ वाचक, शहापूर, बेळगाव