दादाचं पाऊल कोमट आहे

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

दादाला काल रात्री एक्मोवर, म्हणजे हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या मशीनवर घेतलं. सही मी केली. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तीन औषधांवरही बीपी उभं राहीना, लघवी थांबत आली होती. सकाळपर्यंत थांबले असते तर किडन्या हातच्या गेल्या असत्या.

बायपास नीटच झाली होती. नंतर छातीच्या हाडामागं पू झाला, इन्फेक्शन रक्तात उतरलं, फुप्फुसं भरली आणि हृदयही दमलं. पू धुऊन काढलाय. नुसत्या फुप्फुसांचा प्रश्न असता तर शिरेतल्या नळ्यांवर भागलं असतं. हृदयालाही आधार पाहिजे, म्हणून जांघेत एक नळी शिरेत, दुसरी धमनीत. काळपट रक्त बाहेर येतं, पंप ते ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या भागातून ढकलतो, परतीच्या नळीत ते लालभडक दिसतं. मिनिटाला ४ लिटर. मशीन रक्त कोमट ठेवतं, आई, त्याला थंडी वाजत नाही. झोपेचं औषध चालू आहे, दर दोन तासांनी जरा कुशीवर करतात, ओठ पुसतात.

अण्णा, मशीननं इन्फेक्शन बरं होत नाही, ते काम अँटिबायोटिकचं. मशीन फक्त वेळ देतं. हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, कमी पडलं तर ऑक्सिजनेटरमध्ये गुठळ्या, जास्त झालं तर छातीतून रक्त. म्हणून रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते सारखं तपासतात, १८० ते २०० च्या आसपास ठेवतात; छातीतल्या ड्रेनच्या नळीत रक्त वाढलं की हेपरिन बंद. धमनीतल्या जाड नळीनं पाय उपाशी राहतो, त्यासाठी खाली पायाकडं एक बारीक नळी सोडलीय. सिस्टर तासातासाला पाऊल चाचपतात. मी हात लावला तेव्हा कोमट होतं. बाभळीचा काटा काढताना आईला लाथ मारली होती ना, तेच पाऊल.

हृदय सावरलं की मशीनचा फ्लो दीड लिटरपर्यंत उतरवून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतील, टिकलं तरच नळ्या काढतील. किती दिवस, ते आज कुणीच सांगू शकत नाही.

आत्ता निघू नका. आत एकालाच सोडतात, तेही दहा मिनिटं. रविवारी हे गाडी घेऊन औशाला येतील. नळी थरथरताना दिसली तर घाबरू नका, रक्त ओढायला कमी पडलं की तसं होतं, सिस्टर बघतात. आई, तुळजापूरला बोललीस ते बोललीस, पण शुगर असताना उपास धरायचा नाही. अण्णा, बीपीची गोळी चुकवली तर मी बोलणार नाही. धपाटे आणा, पण माझ्यापुरतेच. त्याला सध्या नाकातल्या नळीनंच देतात.

तुमची,
माई