चि. मनूस, शहापूरहून

शहापूर, बेळगाव
1 नोव्हेंबर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

आज काळा दिवस, बेळगाव कर्नाटकात घातल्याचा निषेध, म्हणून दुकान बंद. सायकल फेरी संभाजी उद्यानापासून निघाली तेव्हा मी कट्ट्यावर पाय सोडून बसलो होतो. न जाण्याची ही पहिलीच वेळ. आईनं विचारलं तर म्हटलं, सायकलीत हवा नाही. तिनं पंप आणून समोर ठेवला. मग काय बोलणार? डावा तळवा बधिरच आहे, चप्पल पायातून सुटलेली कळत नाही. पण पत्र त्यासाठी नाही.

दिवाळीत मी ओरडलो ते चुकलंच. तू माझा साखरेचा रिपोर्ट गल्ल्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्यापेक्षा माझी प्रयोगातली चिलटं बरी चढतात." कुंदा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. राग त्या हसण्याचा होता, निघाला तुझ्यावर. "साखर विकूनच तुझी फी भरली" हे बोलायला नको होतं. खरं आहे, तरी नको होतं.

त्या गडबडीत एक विचारायचं राहिलं. तू स्वतःची साखर तपासलीस का?

तुझी निळी वही इथंच राहिली. वाचली, रागावू नकोस. चिलटांचं खाद्य: पाणी 1 लिटर, रवा 100 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम, घट्ट व्हायला अगर-अगर 10 ग्रॅम. आईला म्हटलं, हा तर बिनतुपाचा शिरा! बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल, आणि वरून यीस्ट, एवढंच काय ते वेगळं. तीस वर्षं मी कढईपुढं उभा आहे. पोरगी म्हैसूरला जाऊन पदवीवर पदवी घेणार आणि चिलटांसाठी रवा ढवळणार, असं कुणी सांगितलं असतं तर त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं. आता येईल त्याला मीच सांगतो.

पुढच्या पानावरचं साखरेचं खाद्य वाचून मात्र थांबलो. एका बरणीत लिटरला 51 ग्रॅम, दुसरीत 342. लिटरभर दुधाच्या कुंद्याला मीसुद्धा एवढी घालत नाही. (दूध आटून पावभर होतं, हे तू लगेच म्हणशील. माहीत आहे.) मग नळी टेबलावर आपटायची, सगळी खाली पडली की ती आपोआप वर चढायला लागतात, आणि 10 सेकंदांत 8 सेंटिमीटरची रेघ किती जणांनी ओलांडली ते मोजायचं. गोडावरची मागं पडली तर ती अशक्त झाली की नुसती सुस्तावली, हे वेगळं तपासायचं. आणि खाली लाल शाईनं: सगळी एकाच वयाची घ्यावीत, म्हातारी तशीही हळू चढतात. मग मनू, माझ्याशी तुलना करायची तर 58 वर्षांची चिलटं आण की!

चिलटाच्या मेंदूतही इन्सुलिनसारखं काही तयार होतं हे वाचून मी चष्मा दोनदा पुसला. तेवढ्याशा डोक्यात. आज्जीच्या वेळी हे असलं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर भराभर कन्नडातून सांगत होते, मी आपला मान हलवत होतो. पाय काढायचा म्हणाले तेव्हाच नीट कळलं. तू चौथीत होतीस. तिची एक चप्पल तू दप्तरात लपवून ठेवली होतीस, ती महिनाभरानं आईला सापडली. आज्जीचं हे असं, आता माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.4. म्हणून विचारतो. सव्विसाव्या वर्षी कोण तपासतं, असं म्हणू नकोस.

रात्री दोन-दोनपर्यंत नळ्या मोजत बसतेस, मग मेसचं थंड अन्न नाहीतर नुसता चहा, त्यात दोन चमचे साखर. शिकलेल्या माणसानं असं वागावं का? ज्याला सगळं कळतं त्यानंच... राहू दे. तूही परवा मला हेच ऐकवत होतीस, आणि मी किती ऐकलं ते दिसतंच आहे.

येळ्ळूरचा गड आठवतो? तू सहा वर्षांची, फ्रॉक मातीनं भरलेला, माझ्या कितीतरी पुढं. वरच्या बुरुजावरून ओरडलीस, "बाबा, लवकर की!" मी दम लागला म्हणून एका दगडावर बसलो होतो आणि तुला खोटंच सांगितलं की बुटात खडा गेलाय. तेव्हापासूनच होतं की काय, कोण जाणे.

पार्सल परवा लावलंय. भडंग आणि फुटाणे आहेत, कुंदा नाही. आईनं डबा उघडून खात्री केली.

काल दुकान बंद केल्यावर आईला मोबाईल धरायला लावला. माळ्याच्या चौदा पायऱ्या आहेत, तुला माहीत आहे. 10 सेकंदांत सहा झाल्या. आई म्हणाली साडेसहा लिही. मी सहाच लिहिल्या, तुझ्या वहीत, शेवटच्या पानावर, तारीख घालून. दर शनिवारी लिहीन.

साखर तपासायला सकाळी उपाशीपोटी जायचं असतं, आदल्या रात्री जेवणानंतर आठ तास काही नाही, चहाही नाही. तुझा आकडा फोनवर आईला सांगू नकोस, मला सांग.

तुझा,
बाबा