आई, यावेळी तू खोलीत बसायचं नाही

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. फोनवर मी आपल्या जहाजाच्या सहलीचा विषय काढला की आई "बरं बरं, ठेव आता, लेकरू रडते" म्हणते आणि तुम्ही गोठ्याकडे निघून जाता, म्हणून लिहायला बसले.

परवा तुम्ही सांगितलं की पारावर कोणी तरी बोललं, "लेक जहाजात घेऊन जाऊन रायली म्हणजे तिले पोट्टे सांभाळाले बाई पायजे असन." बोलणारे बोलोत. मला लागलं ते आईचं बोलणं. "त्यात काय वाईट हाय? मी राहीन खोलीत, तुमी फिरा. तेवढंच त जमते मले."

आई, तू खरंच राहशील, म्हणून मला झोप आली नाही. गेल्या फेब्रुवारीत राहिलीसच की. कोकणात तीन दिवस होतो आपण. ईशान सहा महिन्यांचा, ओवी तीन वर्षांची. रोज आम्ही म्हणायचो, "आई, अर्ध्या तासात येतो," आणि येता येता अंधार पडायचा. शेवटच्या संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा तू खिडकीपाशी खाली बसली होतीस, ईशान तुझ्या पायावर झोपलेला, ओवी पदर धरून. दिवा लावला नव्हतास, लेकरू उठेल म्हणून. मला बघून हळूच विचारलंस, "अवं बेबी, समुद्राचं पाणी खरंच खारं रायते का वं?" समुद्र दोनशे पावलांवर होता. आयुष्यात पहिल्यांदा तू समुद्राजवळ गेली होतीस आणि त्याला पाय न लावता परत आलीस. मी तेव्हा काहीच बोलले नाही. ते आजही मला सलतं.

म्हणून यावेळी तिकिटं काढायच्या आधी मी एकच गोष्ट बघितली: जहाजावर लेकरं कोण सांभाळणार. खोली, जेवण, तमाशे सगळं नंतर.

नीट सांगते. जहाज सिंगापूरहून निघतं, चार रात्री, मध्ये फुकेतला थांबतं. अशा मोठ्या जहाजांवर मुलांची सोय दोन ठिकाणी असते. तीन वर्षांवरची मुलं क्लबात जातात. तिथं खेळ, रंग, गोष्टी, आणि बायामाणसं त्याच कामासाठी शिकून आलेली. दिवसभराचे पैसे नाहीत, रात्री दहानंतर मूल ठेवायचं तर तासाप्रमाणे पडतात. अट एकच, शी-शू सांगता आली पाहिजे, डायपर चालत नाही. ओवीचं ते दोन वर्षांमागेच झालं, तुझ्याच हातून, आपल्या अंगणात.

ईशानसाठी नर्सरी आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची बाळं घेतात. तिथं पहिल्या तासापासून पैसे आहेत आणि जागा मोजक्याच. एका बाईकडे दोन-चार बाळांहून जास्त द्यायची नसतात, म्हणून त्या लवकर भरतात. निघायच्या आधी नोंद करून ठेवावी लागते, जे राहतं ते पहिल्या दिवशी जहाजावर चढताच जाऊन मागावं लागतं. तिकीट काढून निवांत बसलेल्या लोकांना मग मिळत नाही. मी नोंद करून ठेवली आहे.

वेळ कोणती मागितली तेही ऐक. ईशान इथं दुपारी दीड ते साडेतीन झोपतो. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं, म्हणजे त्याची तीच झोप तिथं चार ते सहा. मी रोज चार ते सहा मागितली. तो झोपेत असेल तेव्हाच सोडायचा आणि जागा व्हायच्या सुमाराला आणायचा. वेळ थोडी मागंपुढं झाली तरी झोपेच्या वेळेलाच धरून करीन.

तू म्हणशील, परक्या बाईच्या हाती लेकरू कसं द्यायचं. मलाही तीच भीती होती, तुला माहीत आहे का ते. मागं एका हॉटेलात आम्ही एक मुलगी तासाभरासाठी खोलीवर बोलावली होती. परत आलो तर ओवी दाराशी उभी राहून रडत होती आणि ती गॅलरीत फोनवर बोलत होती. कोण होती, कोणी पाठवली होती, पुढं कोणाला विचारावं, काहीच कळेना. तेव्हापासून खोलीवर एकटी येणारी बाई मला नकोच. बऱ्याच जहाजांनी ती पद्धत बंदच केली आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सांभाळतात. सोडताना बाळाचं नाव, काय खातो, काय अंगावर उठतं, सगळं लिहून घेतात. मनगटाला पट्टा बांधतात. न्यायला कोण येणार त्यांची नावं आधी द्यायची, आणि आपण ठरवलेला एक शब्द सांगितल्याशिवाय मूल हातात देत नाहीत. बाळ रडायचं थांबतच नसेल तर आपल्याला बोलावून घेतात. औषध ते देत नाहीत, ते आपणच द्यायचं. दूध, खिमट, डायपर सगळं बांधून नावासकट द्यावं लागतं.

न्यायला येणाऱ्यांत तुझं आणि बाबांचं नाव मी घातलेलं नाही. मुद्दाम. नाव घातलं तर तू पाच मिनिटांनी जाऊन घेऊन येशील.

आणि समज नर्सरीत जागा मिळालीच नाही, किंवा ईशान तिथं राहिलाच नाही, तर एक दिवस मी खोलीत थांबेन, एक दिवस हे थांबतील. आमचं तसं बोलणं झालं आहे. ते स्वतःच म्हणाले, "आईंना विचारायचं सुद्धा नाही."

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही विचारलं होतं, एवढ्याशा पोराचे कसले पैसे लावले. आपल्या एसटीत पाच वर्षांखालचं लेकरू फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट, विमानातही ईशान माझ्या मांडीवरच असेल. जहाजावर मात्र तान्हं बाळसुद्धा पूर्ण माणूस धरतात, कारण वेळ आली तर जीव वाचवायच्या होडीत त्याची जागा वेगळी मोजलेली असते. मला हे वाचून फार बरं वाटलं. जहाज सुटायच्या आधी प्रत्येकाला कुठं उभं राहायचं, पाण्यात तरंगवणारं जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, ते केल्याशिवाय चालत नाही. बाळांच्या मापाची जॅकेटंही असतात. मुलं नर्सरीत असताना धोक्याची घंटा झाली तर तिथलीच माणसं त्यांना पट्ट्यावर लिहिलेल्या जागी घेऊन येतात. त्यामुळं पळत सुटायचं नाही, ठरल्या जागी थांबायचं. पोहायच्या तलावात ईशानला घेत नाहीत, डायपरवाल्या मुलांना मनाई असते. त्यासाठी भांडू नका, नियम चांगला आहे.

पैशांचं बोलते, राग मानू नका. लेकीच्या पैशानं फिरायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि नर्सरीचे तासाचे पैसे ऐकून आई म्हणाली, "आजी घरात असताना लेकरं पायाले कोन पैसे देते का?"

आई, तूच दिलेस. मी सात-आठ वर्षांची असेन. कापसाची वेचणी जोरात होती. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळीला तुझ्या जुन्या लुगड्याच्या तीन झोळ्या बांधलेल्या असायच्या, वेचणाऱ्या बायांची लेकरं त्यात. आधी एकीची सहा वर्षांची पोरगी झोका द्यायची. एक दिवस तिला डुलकी लागली, झोळीतलं बाळ उलटं झालं, मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी तू पुंजाआजीला आणून बसवलंस. डोळ्यांनी कमी दिसायचं तिला, पण हात असा की लेकरू तिच्या मांडीवर पडलं की गप्प. मला तिचा हात आजही दिसतो, करंगळी वाकडी, आणि त्या हातानं ती झोळीची दोरी न बघता ओढायची, दर दोन झोक्यांनी आत बोट घालून लंगोट ओलं आहे का चाचपायची. संध्याकाळी हिशेब करताना बाबा म्हणाले, बायांना किलोवर देतो, बुढीनं तर एक बोंडही नाही वेचलं, तिला कसले द्यायचे? तू ओट्यावरून उठून आलीस आणि म्हणालीस, "लेकरं पायनं काम नोय का? तिनं पायले म्हून सात बायांनी दिवसभर मान खाली घालून येचलं. तिले पूरा रोज द्या." बाबांनी तो रोज, दिवसाची पूर्ण मजुरी, दिला. पूर्ण वेचणी संपेपर्यंत दिला, आणि वेचणीच्या जेवणात पहिलं पान तिला वाढलं होतं, ते मी पाहिलं आहे.

मग तुझ्याच कामाला रोज का नसावा? माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस. दोन्ही वेळा पाच-पाच महिने इथं पुण्यात, चौथ्या माळ्यावर, जिथं तुला बोलायला कोणी नाही. बाबा तिकडं हातानं भाकरी थापत होते. ईशानच्या वेळी ऐन पोळ्यात तू इथं होतीस आणि तुझ्या हातचं पुरणाचं पान न खाता बैल मिरवले गेले. मी त्याचं मोल करू शकत नाही, करायला बसणारही नाही. पण चार दिवस, दिवसाचे दोन तास, दुसऱ्या कोणा बाईला तिचा रोज देऊन तुझे हात मोकळे ठेवू शकते. एवढं मला करू द्या.

अजून एक आहे. इंग्लंडच्या काही जहाजांवर रात्रीची नर्सरी असते म्हणे. अंधाऱ्या खोलीत ओळीनं पाळणे, झोपलेलं बाळ उचलून तिथं ठेवायचं आणि आईबापांनी निवांत जेवून यायचं, परत नेतानाही ते झोपलेलंच. वाचलं आणि मला धुऱ्यावरच्या त्या तीन झोळ्या आठवल्या.

तयारीचं थोडक्यात. व्हिसासाठी दोघांचे पांढऱ्या पाठीचे नवे फोटो लागतील, तालुक्याला गेलात की काढा, पासपोर्टवरचा चालणार नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा. जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं, तरी कोरडा ठेचा आणि धपाटे मी इथून करून घेईन, तू त्यात पडू नकोस. तूर मळून झाल्यावरचीच तारीख धरली आहे. गाईची धार काढायचं काकांना मी स्वतः फोन करून सांगितलं, ते हो म्हणाले. आई, बोटांना रोज खोबरेल लाव. बोंडांनी तुझी बोटं इतकी चिरली आहेत की पासपोर्टच्या वेळी ठसे उमटेनात, चार-चार वेळा दाबावं लागलं, आठवतं ना? तिकडं विमानतळावर पुन्हा ठसे घेतले तर उमटायला हवेत.

फुकेतचा दिवस असा ठरला आहे. ओवी क्लबात जाईल, तिला तसं सांगून ठेवलं आहे आणि ती आतापासून दिवस मोजते. ईशानला घेऊन हे जहाजावरच थांबतील. तू, बाबा आणि मी, तिघंच किनाऱ्यावर जाऊ. चपला हातात घेऊन चालायचं. पाणी खारं असतं का, हे मी सांगणार नाही. ओंजळीत घेऊन तूच बघायचं.

नर्सरीतला आपला शब्द मी "पुंजाआजी" ठेवला आहे. ओवीला पाठ झाला. कोण पुंजाआजी, असं ती रोज विचारते. रविवारी फोन कर आणि तिला तू सांग.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, फोटो या आठवड्यातच काढा. तुमचा निळा सदरा घाला, पांढऱ्या पाठीवर पांढरा दिसत नाही.