लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) शेडमधील आतड्याचा रोग : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

पिंजऱ्यातली कोंबडी विष्ठेपासून दूर असते, तिला नेक्रोटिक एन्टरायटिस (आतडे सडवणारा रोग) होत नाही, या भरवशावर राहू नये. हा रोग करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू खाद्यातून, धुळीतूनही पोचतात. मर दिसली की पक्षी पुरण्याआधी ताजाच पोस्टमॉर्टेमला न्या. दुपारपर्यंत उन्हात पडलेल्या पक्ष्यावरून डॉक्टर तरी काय सांगणार? आतडे वायूने फुगलेले, आतून खरखरीत टॉवेलसारखे असेल तर हाच रोग असण्याची शक्यता मोठी.

खाद्य एकदम बदलू नका, विशेषतः फिशमील (माशांची भुकटी) वाढवताना. पिण्याच्या पाण्याचे गळके निपल आजच बदला.

कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना देण्यावर २०१९ पासून बंदी आहे, आणि या जंतूवर ते चालतही नाही. शिल्लक डबे वापरू नयेत. औषध चालू असताना अंडी विकायची की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारा.